रेवदंड्याच्या आजीला, बेअर शेवाच्या पत्त्यावर

आजी,

तुझं काम झालं. सहा वर्षं लागली, पण झालं. गेल्या महिन्यात अलिबागहून रेवदंड्याची एसटी धरली आणि तू सांगितलेल्या खुणांवरून तुझं घर शोधून काढलं. तिथे काय सापडलं ते शेवटी सांगते. आधी सांगितलं तर बाकीचं तू ऐकायची नाहीस, आणि मला आज बाकीचंही सांगायचं आहे.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितेय. तुझा नातू ते मोठ्या अक्षरांत छापून देईल, तू चष्मा लावून सावकाश वाचशील, ते मला माहीत आहे. पण इकडे अलिबागला माणसं रोज इस्रायल आळीतून येजा करतात आणि आळीला हे नाव तुमच्या बेने इस्रायल लोकांवरून, म्हणजे कोकणातल्या मराठी यहूद्यांवरून पडलं, ते कित्येकांना ठाऊक नसतं. शिवाय आता आमच्या प्रत्येक वाडीतलं एखादं तरी पोर परदेशात आहे. त्या पोरांनी आणि त्यांच्या आयांनी तुझ्याबद्दल वाचावं असं मला फार वाटतं.

२०१७ साली नवऱ्याला तिथल्या विद्यापीठात संशोधनाचं काम मिळालं म्हणून आम्ही इस्रायलमधल्या बेअर शेवाला आलो. लेक चार वर्षांची होती. मी नागावची. दारात नारळी-पोफळीची वाडी, वाडीपलीकडे समुद्र. तिथे खिडकी उघडली की नेगेव्हच्या वाळवंटाची धूळ यायची आणि हवेनं ओठ फुटायचे. तीन महिने मी त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरातून बाहेर पडले ती फक्त लेकीला बालवाडीत सोडायला. दिवसभर फोनवर आईशी बोलायचं आणि रात्री नवऱ्यासमोर रडायचं, एवढंच चाललं होतं.

मग तो बाजारातला दिवस. भेंडी दिसली, बोटाच्या पेराएवढी. तिकडे तिला बामिया म्हणतात. मी लेकीला सहज विचारलं, ‘घेऊ या का गं?’ आणि मागून आवाज आला, ‘जून हाय गो ती. शेंडा मोडून बघ आधी.’

वळून बघितलं तर पांढऱ्या केसांची, अंगात झगा, हातात चाकांची पिशवी अशी तू. माझ्या हातातली भेंडी घेतलीस, अंगठ्यानं शेंडा मोडायला गेलीस. तो मोडला नाही, नुसता वाकला. ‘बघितलंस?’ म्हणालीस, आणि भाजीवाल्याला हिब्रूत चार शब्द सुनावलेस. त्यानं हसत दुसऱ्या टोपलीतली कोवळी भेंडी पुढे केली. मी तिथेच, त्या गर्दीत रडायला लागले. तू काही विचारलं नाहीस. फक्त ‘कुठची?’ म्हणालीस. मी नागाव म्हणाले. ‘म्हणजे आमच्या वाटेवरची,’ असं म्हणून तू लेकीचा हात धरलास.

मी पहिले दोन दिवस तुला अहोजाहो करत होते. तू म्हणालीस, आजीला कोण अहो म्हणतं? तेव्हापासून तू.

पहिलं भांडण शनिवारवरून झालं, आठवतं? शुक्रवारी दुपारपासून दुकानं बंद, बस बंद, आणि घरात लेकीसाठी दूध नाही. मी तुझ्याकडे येऊन तणतणले की हा काय देश आहे. तू दुधाची पिशवी दिलीस आणि मग शांतपणे म्हणालीस, ‘आमच्या पणज्या तुमच्या गावात शनिवारी घाणा बंद ठेवायच्या. तेलाचं गिऱ्हाईक परत जायचं. तुमच्या पणज्या काय करायच्या माहीत हाय? शुक्रवारी तेल नेऊन ठेवायच्या. तू पण दूध शुक्रवारी आण.’

शनिवार तेली हा शब्द मी लहानपणापासून ऐकला होता. त्याच्या आत काय आहे ते त्या संध्याकाळी कळलं. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, अशी तुमच्याकडची पिढ्यान्पिढ्यांची कथा. ती माणसं कोकणात राहिली, तेल गाळू लागली, मराठी बोलू लागली, पेणकर, रोहेकर, चेऊलकर, नवगावकर झाली. लग्नात हळद-मेंदी आली, गळ्यात मंगळसूत्र आलं. पण शनिवार सोडला नाही, सुंता सोडली नाही, खवले नसलेली मासळी खाल्ली नाही. सणांना तर तुम्ही सरळ मराठी नावंच दिलीत. वर्षारंभ म्हणजे नव्याचा सण. जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्या दुःखाच्या उपासाचा दिवस म्हणजे बिरड्याचा सण, कारण उपास सोडताना वालाचं बिरडं. आमच्या बिरड्यात एवढी दूरची आठवण शिजत होती, आणि शेजारी राहून आम्हाला पत्ता नव्हता.

म्हणूनच परक्या देशात कसं राहायचं हे मला तुझ्यापेक्षा चांगलं कोणीच सांगू शकलं नसतं. तुमच्या लोकांनी ते दोनदा केलं होतं. एकदा आमच्या किनाऱ्यावर, आणि एकदा तिथे.

तिथलं तू फार थोडं सांगायचीस, तेही भाजी निवडताना. १९६३ साली, सतराव्या वर्षी रेवदंडा सोडलंस. नेगेव्हमधल्या डिमोना गावी आणून उतरवलं तेव्हा झाडाचं पान दिसत नव्हतं. वडील आणि थोरला भाऊ कापड गिरणीत लागले. रेवदंड्यात ज्यांना यहूदी म्हणून वेगळं ओळखायचे, त्यांना तिथे ‘होदी’ म्हणजे हिंदी म्हणून वेगळं ओळखू लागले. आणि त्याच्या आदल्याच वर्षी तिथल्या धर्मपीठाचा आदेश निघाला होता, की बेने इस्रायल माणसाचं लग्न लावण्याआधी त्याच्या आई-आजीच्या पिढ्या तपासा. एवढ्या शतकांनी घरी आलेल्या माणसांना दारात उभं करून कूळ विचारलं. १९६४ च्या उन्हाळ्यात तुमची माणसं जेरुसलेमला धरणं धरून बसली, तुझे वडील त्यांत होते, आणि ऑगस्टमध्ये संसदेत जाहीर झालं की बेने इस्रायल सर्व बाबतींत यहूदीच आहेत, कसलाही फरक नाही. हे सांगताना तुझा आवाज चढला नाही, पण हातातल्या गवारीचे तुकडे फार बारीक झाले.

आपली ओळख झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात तू मला उल्पानला नेलंस. नव्याने आलेल्यांना हिब्रू शिकवतात तो वर्ग. मी म्हणत होते, आम्ही दोन वर्षांचे पाहुणे, भाषा कशाला? ‘दोन वर्षं राहा नायतर चाळीस, शेजारीण काय बोलते ते कळायला नको?’ वर्गात रशियन होते, इथिओपियाचे होते, फ्रेंच बोलणारे होते. सगळेच अडखळणारे, त्यामुळे लाज गेली. रविवारला ते ‘पहिला दिवस’ म्हणतात, सोमवारला ‘दुसरा’, हे कळलं तेव्हा तिथला आठवडा पहिल्यांदा माझा झाला. एकदा बाईंनी फळ्यावर ‘होदू’ लिहिलं. हिब्रूत भारताचं नाव होदू. आणि स्तोत्रांमध्ये ‘आभार माना’ असं म्हणतात तिथेही होदू. मुळं वेगळी, पण अक्षरं तीच. मी ते धावत येऊन तुला सांगितलं, तर तू म्हणालीस, ‘मला पन्नास वर्षांपासून माहीत हाय, पण तू शोधलंस म्हणून आज पुन्हा नवं वाटलं.’

आणि लेकीच्या तापाची ती रात्र. दवाखान्यात फोन करायचा होता. तुला हिब्रू माझ्यापेक्षा शंभरपट येत होतं. तू शेजारी बसलीस, लेकीच्या कपाळावर पट्टी धरलीस, आणि मी फोन पुढे केला तरी हातात घेतला नाहीस. मला रागच आला होता. मी अडखळत, चुकत, किती ताप, कधीपासून, उलटी झाली का, सगळं बोलले. पलीकडच्या बाईला कळलं. फोन ठेवला तेव्हा माझे हात थरथरत होते, आणि तू फक्त पट्टी बदललीस. आजी, त्या न घेतलेल्या फोनसाठी मी तुझे आभार कसे मानू?

तिथे आमचा भारतीय संशोधकांच्या बायकांचा एक गट होता. चांगल्या बायका, अडीनडीला धावणाऱ्या. पण आम्ही जमलो की तिथल्या लोकांची उणीदुणी काढायचो. उर्मट आहेत, मोठ्यानं बोलतात, रांग मोडतात. भाषा कळायला लागल्यावर मला उमगलं की निम्मा उर्मटपणा आमच्या न कळण्यात होता. बसमध्ये माझ्यावर ओरडणारी बाई ‘बाळाला टोपी घाल, ऊन आहे’ असं सांगत होती. आपली माणसं आपल्या माणसांना जपतात हे खरंच, पण नुसतं तेवढ्यावर परका देश कधी आपला होत नाही, असं माझं आता ठाम मत आहे.

तरी जेवणाच्या बाबतीत तू मला एक अक्षर बदलायला सांगितलं नाहीस. मी बॅगेतून सोडे नेले होते. एकदा भाजत होते आणि तू दारात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण कोळंबी तुम्हाला चालत नाही. तू गॅलरीत खुर्ची ओढून बसलीस. ‘तू खा गो. अलिबागेत राहून आमी कदी कोळंबी, तिसऱ्या, चिंबोऱ्या खाल्ल्या नाहीत, पण कोळणीशी भांडलो पण नाही. पापलेट तिच्याकडूनच घ्यायचो.’

तुझ्या नातीला मुलगा झाला तेव्हाचा मलिदा, तो तुमचा आभाराचा विधी, मी कधी विसरणार नाही. पोहे भिजवलेले, त्यात खोबरं, साखर, वेलची, बदाम-पिस्त्यांचे काप. डिमोनाच्या भारतीय दुकानातून आणलेलं गोठवलेलं खोबरं तू हातानं मोकळं करत होतीस आणि दर मुठीला म्हणत होतीस, नारळ आपल्या वाडीचा पायजे होता. भोवती फळं मांडली, एलियाहू हनबीचं, म्हणजे एलियाहू संदेष्ट्याचं, गाणं सुरू झालं. सगळे हिब्रूत गात होते, आणि तुझ्या तोंडून मध्येच मराठी ओळ निघाली. पोरं थांबली. तू एकटीच ती ओळ पुरी केलीस.

त्या रात्री भांडी आवरताना तू मला ते सांगितलंस. तुझी मुलं शाळेत जायला लागली तेव्हा शाळेतल्या बाईंनी बजावलं होतं, घरात हिंदुस्थानी भाषा बोलू नका, पोरं मागे पडतील. तू ऐकलंस. एका दिवसात मराठी बंद केलीस. ‘पोरं मागे पडली नाहीत. पण माझी आई गेली तेव्हा नातवंडांना तिचं शेवटचं बोलणं कळलं नाही. ती पाणी मागत नव्हती, त्यांची नावं विचारत होती. मी केलं ते तू करू नकोस.’

आजी, ज्यानं आपलं चांगलं झालं ते सगळेच सांगतात. आपली चूक उघडून परक्याच्या पोरीच्या ओंजळीत ठेवायला फार मोठं मन लागतं. त्या रात्रीपासून आमच्या घरात दोन भाषा झाल्या. दाराबाहेर हिब्रू, दाराच्या आत मराठी, आणि तुझ्याकडे दोन्ही. लेक तुला ‘सावता’ म्हणायची आणि लगेच ‘म्हणजे आजी’ असंही सांगायची. आता ती बारा वर्षांची आहे. मराठी शाळेत जाते, आणि झोपताना अजून हिब्रूतले आकडे मोजते. त्यातलं एकही तिनं दुसऱ्यासाठी सोडलं नाही.

आता तुझं काम.

एसटी चौल ओलांडून गेली तशी मला छातीत धडधडायला लागलं. तुमचं देऊळ, म्हणजे सिनेगॉग, बघितलं, मग वाड्यांमधली बोळ धरली. तू सांगितलेलं चिंचेचं झाड नाही, पण जांभ्याची गडग्याची भिंत तशीच आहे. घर कौलारूच आहे, मागे पत्र्याची पडवी वाढवली आहे. मालकीणबाई पासष्टीच्या. तुझ्या वडिलांनी ज्यांना घर विकलं त्यांची सून. मी सगळं सांगितलं तसा त्यांनी हात धरून मला दाराकडे नेलं.

उजव्या बाजूची चौकट. खांद्याच्या उंचीवर, तिरकी, बोटभर लांबीची एक जागा. दोन खिळ्यांची भोकं. मेझुझा, म्हणजे धर्मवचनं ठेवलेली छोटी डबी, लावलेली असायची ना, तीच. चौकटीला चॉकलेटी ऑइलपेंटचे किती हात बसले असतील, पण तेवढ्या पट्टीवर रंग नाही, आत जुनं लाकूड दिसतं. मी त्यावर बोट फिरवलं. बाई म्हणाल्या, ‘सासूबाई सांगून गेल्या, रंग लावताना ती जागा सोडा. त्यांच्या देवाची हाय.’

फोटो पाठवतेय. निघताना त्यांनी विहिरीवर नेलं. रहाट गेला, पंप आहे. त्यांनी मला पाणी शेंदून प्यायला दिलं आणि तुला निरोप दिला: गोडंच हाय अजून, आणि मे महिन्यातही आटत नाही, म्हणून सांगा.

तुझी,
नागावची नात