सायकल विकशील, पण खोलणार कोण?

युट्रेक्ट, नेदरलँड्स

प्रिय भाऊ,

परवा फोनवर तू सायकलींच्या धंद्यासाठी दोन एकर शेत विकायचं म्हणालास आणि तेवढ्यात रेंज गेली. बरंच झालं, नाहीतर मी तिथंच भांडले असते. आता निवांत लिहिते. बाबांना वाचून दाखव, आणि मधलं गाळू नकोस.

इलेक्ट्रिक सायकलींचा धंदा काढायचा तुझा विचार मला चुकीचा वाटत नाही. 250 वॅटच्या आतली मोटर आणि ताशी 25 किलोमीटरच्या आतला वेग असेल तर लायसन्स नाही, पासिंग नाही, हे तू बरोबर सांगितलंस. 36 व्होल्ट, 10 अँपिअर-अवरची बॅटरी भरायला अर्धं युनिटही लागत नाही. रोज पेट्रोल टाकून दारव्ह्याला दूध नेणाऱ्याला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. गिऱ्हाईक येईल. मला घोर आहे तो गिऱ्हाईक आल्यानंतरचा.

तू ज्या सायकलीचे व्हिडिओ मला पाठवत असतोस ना, त्या व्हॅनमूफचंच बघ. 2009 मध्ये टाको आणि टीस कार्लियर या दोन सख्ख्या भावांनी ॲमस्टरडॅमला ही कंपनी काढली. बॅटरी दांडीच्या पोटात, बाहेर वायर दिसायची नाही. पार्सलमध्ये सायकली मोडायच्या, म्हणून त्यांनी खोक्यावर मोठ्या टीव्हीचं चित्र छापलं. हमाल खोकी जपून उचलू लागले आणि मोडतोड सत्तर-ऐंशी टक्क्यांनी घटली! या डोक्याला आपण मानलं बुवा.

2020 मध्ये त्यांनी नवीन मॉडेल 1,998 युरोला आणलं, आधीच्यापेक्षा बरंच स्वस्त. नेमका कोरोना आला, लोक बस-ट्रेन टाळू लागले आणि सायकलींवर उड्या पडल्या. 2021 मध्ये गुंतवणूकदारांनी 12.8 कोटी डॉलर ओतले. आणि जुलै 2023 मध्ये कोर्टानं कंपनी दिवाळखोरीत काढली.

गिऱ्हाईक आटलं म्हणून नव्हे. सायकली बिघडत होत्या, आणि जवळपास प्रत्येक सुटा भाग कंपनीनं स्वतःपुरता बनवून घेतलेला होता. आपोआप बदलणारा गिअर, चाकातलं कुलूप, दांडीत बंद केलेली बॅटरी, यातलं काही बाजारात मिळत नसे. म्हणजे दुरुस्ती त्यांच्याच दुकानात, आणि वॉरंटीत असली तर त्यांच्याच खिशातून. त्यात भाव पाडून विकलेल्या, वर सुट्या भागांचे भाव आणि जहाजाचं भाडं कडाडलं. विक्री वाढली तसा तोटाही वाढत गेला. दुकानांना कुलूप लागलं तेव्हा दुरुस्तीला टाकलेल्या लोकांच्या सायकली आतच राहिल्या, आगाऊ पैसे भरलेले घेणेकऱ्यांच्या रांगेत गेले. शिवाय सगळं मोबाईलवरच्या ॲपवर चालणारं; सर्व्हर बंद पडला तर पुढं काय, याची धास्ती. काउबॉय नावाच्या बेल्जियमच्या कंपनीनं, म्हणजे यांच्या स्पर्धकानं, घाईघाईत एक ॲप काढून दिलं, ज्यात मालकांना सायकल उघडायची आपली डिजिटल किल्ली वाचवून ठेवता यावी. पुढं लावोई नावाच्या कंपनीनं व्हॅनमूफ विकत घेतली आणि दुरुस्ती बाहेरच्या साध्या सायकलवाल्यांकडे सोपवली. हे आधी का सुचलं नाही, देव जाणे.

आमच्या गल्लीत एक म्हातारा सायकलवाला आहे. मागच्या आठवड्यात त्याच्या स्टँडवर चाकात मोटर असलेली एक साधी सायकल होती. त्यानं मागच्या चाकाजवळचा वायरीचा जोड ओढून वेगळा केला. आत पितळेच्या पिनांवर हिरवा गंज चढलेला. ब्रशनं घासला, बोटभर ग्रीस लावलं, जोड परत दाबला, मोटर फिरायला लागली. ‘जोड बाहेर आहे म्हणून जमलं,’ एवढंच म्हणाला. जोड आत बंद असता तर त्यानं हात लावला नसता.

आता तुझं काम सांगते. दारव्ह्याला एसटी स्टँडसमोर जो पंक्चरवाला घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघत बसतो, त्याच्यापुढं तुझं नमुन्याचं चाक टाक. वायर न तोडता त्याला ते चाक काढून परत बसवता आलं तर ते मॉडेल घे, नाहीतर सोड, कंपनीवाला काहीही सांगो. चेन, ब्रेक, टायर सगळं साधंच असू दे. बॅटरी मात्र लिथियम फेरो फॉस्फेटची बघ. थोडी जड असते, पण आपलं मे महिन्यातलं 45 डिग्रीचं ऊन तिला इतर लिथियम बॅटरीपेक्षा सोसतं. तरी टिनाच्या शेडखाली चार्जिंगला लावू नका. आणि पावसाळ्यात पांदणीतून चालवून बघितल्याशिवाय कोणालाच विकू नकोस. काळी माती मडगार्डात बसली की चाक जागचं हलत नाही, तू तिथंही मूठ पिळत राहिलास की कंट्रोलर, म्हणजे मोटरची वीज सांभाळणारा भाग, जळणार.

शेतीचं म्हणशील तर माझी सही मिळणार नाही. बाबांनी ओलितासाठी विहीर खोदली ती याच दोन एकरांत. सुरुवातीला पाच सायकलींचे पैसे मी पाठवते, पण सोबत सुट्या भागांचा एक संच घ्यायचा, आणि दुरुस्तीला जो मेकॅनिक ठेवशील त्याचा पगार तुझ्या पगाराआधी. तुझे भागीदार दोघंही विक्रीवालेच आहेत, हे मला खटकतं. तिसरा माणूस पान्हा धरणारा हवा.

कंट्रोलर आणि बॅटरीचे भाव दोन-तीन ठिकाणचे काढून पाठव, मग आपण बोलू. सोयाबीन विकलं का, की भावाची वाट बघत ठेवलंय? आईला सांग, मिरची-मसाला पोचला, डबा जरा फुटला होता पण सांडलं नाही. बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली की लगेच कळव, मी तशी सुट्टी टाकते.

तुझी,
ताई