एडिंबरो रिव्ह्यूच्या त्या खंडासाठी काकांना थँक्यू

प्रिय काका,

फोनवर आभार मानले की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलता, म्हणून सरळ इथे सगळ्यांसमोर लिहितेय. एडिंबरो रिव्ह्यू या जुन्या ब्रिटिश त्रैमासिकाचा १८२५ चा खंड पोचला! ज्यात मेकॉलेचा कवी मिल्टनवरचा निबंध आहे तोच, आणि तुम्ही एडिंबरात त्या दुकानदाराला सांगून तो माझ्यासाठी बाजूला ठेवायला लावलात, हे मी कधीच विसरणार नाही.

आल्या आल्या निबंध उघडला. खाली नाव नाही, त्या काळी तिथे कुणाचंच नाव छापत नसत, कोणी काय लिहिलं ते वेलस्ली इंडेक्समध्ये, म्हणजे जुन्या नियतकालिकांतल्या निनावी लेखांचे लेखक सांगणाऱ्या सूचीत, शोधायचं हेही तुम्हीच शिकवलंत. ज्या मेकॉलेची आपल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांवर एवढी छाप, त्याचं हे लिखाण पहिल्यांदा छापलं गेलं तेच पान हातात धरून वाचताना अंगावर काटा आला हो.

बांधणी पाठीला आणि कोपऱ्यांना कातडं, बाकी पुठ्ठ्यावर मार्बल पेपर अशी आहे. पाठीवरून बोट फिरवलं की विटकरी भुकटी लागते. हाच तो रेड रॉट, गॅसच्या दिव्यांचा आणि कोळशाचा धूर वर्षानुवर्षं कातड्यात मुरला की होणारा, त्याला तेल चोळून काही होत नाही उलट कातडं काळं पडतं, स्पिरिटमध्ये कालवलेलं क्लुसेल जी, म्हणजे भुकटी होणारं कातडं धरून ठेवणारं द्रव्य, हलक्या हाताने लावायचं, हे तुम्ही किती शांतपणे समजावलंत. आणि शेल्फवरून काढताना वरची कड ओढायची नाही, शेजारचे दोन खंड आत ढकलून मधोमध धरायचं. आता घरात सगळ्यांना हीच ताकीद आहे.

एकाच गोष्टीची हळहळ वाटते, अंक एकत्र बांधताना लोक मूळ निळी-पिवळी कव्हरं आणि जाहिराती काढून टाकायचे, हा रिव्ह्यू ज्यांच्या बाजूचा त्या उदारमतवादी व्हिग पक्षाचे रंग होते ते. कव्हरासकट सुटा अंक कुठे दिसला तर प्लीज लगेच कळवा.

आणि हो, व्हिगांच्या विरोधातल्या टोरी पक्षाचा क्वार्टर्ली रिव्ह्यूही शेजारी हवाच ना, १८०९ पासून दोघांची जुंपलेली, एकच बाजू वाचून कसं चालेल? पुढच्या उन्हाळ्यात तिकडे येतेय तेव्हा सोबत दुकानं फिरू. काकूंना नमस्कार सांगा.

तुमची लाडकी पुतणी