शहाणपण म्हणजे फक्त मार्क नव्हेत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.
दहावीचा निकाल लागला की पेपरभर "हुशार" मुलांचे फोटो येतात, आनंदच आहे, पण हुशारी आणि शहाणपण यातला फरक आपण पार विसरत चाललोय असं वाटतं म्हणून हे पत्र.

हिब्रूत शहाणपणाला "होखमा" म्हणतात आणि बायबलमधे, निर्गम या पुस्तकाच्या ३५व्या अध्यायात, हा शब्द चक्क बकरीच्या केसांचं सूत कातणाऱ्या बायकांसाठी आणि बसालेल नावाच्या कारागिरासाठी आलाय. म्हणजे हातातलं कसब हेही शहाणपणच! हे वाचलं तेव्हा मला माझी आजी आठवली, शाळा बघितली नाही पण भाकरीचं पीठ हाताला लागलं की सांगायची, "जुनं झालंय, गरम पाण्यात मळ." ती चुकल्याचं मला आठवत नाही.

अरबीत "हिकमा" म्हणजे शहाणपण, त्याच धातूतून आपल्याकडे वैद्याला हकीम म्हणतात. बौद्ध परंपरेत शहाणपणाचा बोधिसत्त्व मंजुश्री, त्याच्या हातात तलवार असते, अज्ञान कापायला. आणि सॉक्रेटिस तर म्हणायचा की आपल्याला कळत नाही हे मला कळतं एवढंच, त्याला इ.स.पू. ३९९ मधे विष प्यायला लावलं.

आपल्याकडेही "अति शहाणा त्याचा बैल रिकामा" म्हणतातच की. मग निकालाच्या पानावर एखादा कोपरा गावातल्या सुताराला, सुईणीला, विहिरीची जागा सांगणाऱ्या म्हाताऱ्याला द्या ना. फोटो आम्ही वाचक पाठवू.

आपली,
एक वाचक, सातारा