हार्वर्डला हरवलं ते प्रार्थनेने नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतल्या अमेरिकन फुटबॉलवरील लेखात, केंटकीतल्या डॅनव्हिल गावच्या सेंटर कॉलेजने १९२१ मध्ये हार्वर्डला ६-० असं हरवलं, त्याला ‘प्रार्थनेच्या बळावर घडलेला चमत्कार’ म्हटलं आहे. निकाल बरोबर, कारण चूक. ‘प्रेयिंग कर्नल्स’ (प्रार्थना करणारे कर्नल) हे सेंटरच्या संघाचं टोपणनाव या सामन्याच्या आधीचं. १९१९ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाविरुद्ध मध्यंतराला ०-६ ने मागे पडलेला हा संघ १४-६ ने जिंकला, त्या सामन्याशी ते जोडलेलं आहे. तीनशेच्या आत विद्यार्थी असलेल्या कॉलेजला हार्वर्ड कसं झेपलं, हे समजायचं तर तेव्हाचे नियम पाहावे लागतात.

आज चढाईचे ११ वेगळे, बचावाचे ११ वेगळे आणि लाथ मारणारा आणखी तिसराच. १९२१ मध्ये तेच ११ जण दोन्ही बाजूंनी खेळत. सामन्याचे चार भाग, म्हणजे क्वार्टर. बाहेर गेलेला खेळाडू त्याच क्वार्टरमध्ये परत येऊ शकत नसे, म्हणून दमलेल्याला दोन मिनिटं बसवून पुन्हा उतरवण्याची सोय नव्हती. मैदानाबाहेरून प्रशिक्षकाने सूचना द्यायलाही बंदी होती. कोणता डाव खेळायचा ते क्वार्टरबॅक, म्हणजे चढाई चालवणारा खेळाडूच, ठरवी. म्हणजे हार्वर्डच्या बाकावर कितीही जण बसलेले असोत, एका वेळी उपयोग अकरांचाच. बारा-पंधरा कसलेले गडी असले की लहान कॉलेजही टक्कर देऊ शके.

फेकीवरही बंधनं होती. पुढे पास द्यायचा तर चेंडू जिथून सुरू झाला त्या रेषेच्या किमान ५ यार्ड मागून. गोलरेषेपलीकडे पडलेला पास कुणी झेलला नाही तर चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याकडे. त्यामुळे चेंडू आपल्याकडे ठेवायला लागणारे १० यार्ड चार प्रयत्नांत पुढे सरकता येतील याची खात्री नसली की शेवटच्या प्रयत्नाची वाट न पाहता लांब पंट (हातातून सोडलेल्या चेंडूला लाथ) मारून समोरच्याला त्याच्याच टोकाला ढकलायचं, ही त्या काळची रीत. कमी माणसांच्या संघाची दमछाकही त्याने वाचे. (पास मुळात १९०६ मध्ये आला, त्यालाही हार्वर्डचा हातभार आहे. खेळातली जीवघेणी रेटारेटी कमी करायला मैदान रुंद करा, अशी सूचना होती. पण हार्वर्डचं १९०३ चं काँक्रीटचं स्टेडियम रुंद कसं करणार?)

या पद्धतीचा कच्चा दुवा म्हणजे दुसरा हाफ. १९२० मध्ये सेंटर प्रथम हार्वर्डला गेला तेव्हा मध्यंतराला १४-१४ बरोबरी होती, शेवट ३१-१४. अकरा जण दमले की मागून ताजी माणसं सोडणाऱ्याचं पारडं जड होतं, ते असं.

पुढच्या वर्षी तेच संघ पुन्हा भिडले. सेंटरच्या या वर्षांतल्या संघाचा गाभा कॉलेजात जमलेला नव्हताच. क्वार्टरबॅक बो मॅकमिलिन आणि ‘सेंटर’ याच नावाच्या जागेवर (चेंडू मागे देऊन डाव सुरू करणारा) खेळणारा रेड वीव्हर हे टेक्सासमधल्या फोर्ट वर्थच्या एकाच शाळेचे. प्रवेशापुरती शालेय पात्रता पुरी करायला दोघांनी केंटकीतल्या समरसेटच्या शाळेतही वर्ष काढलं होतं. १९१९ मध्ये फुटबॉलचे जाणकार वॉल्टर कॅम्प यांनी निवडलेल्या, देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंच्या ‘अखिल अमेरिकन’ पहिल्या संघात दोघांची निवड झाली. प्रशिक्षक चार्ली मोरान एरवी व्यावसायिक बेसबॉलचे पंच. २९ ऑक्टोबर १९२१ रोजी मध्यंतराला ०-० होतं. तिसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीलाच मॅकमिलिनने ३२ यार्ड धावून टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेणं, ६ गुण) केलं. त्यानंतरची जादा एका गुणाची किक चुकली, म्हणून ६ वर थांबले. मोठं काम त्यापुढचं : ती सहाची आघाडी जवळजवळ दोन क्वार्टर राखणं. आदल्या वर्षी याच हाफमध्ये संघ कोसळला होता. डॅनव्हिलच्या भिंतींवर मग ‘सी-६ एच-०’ असं रसायनशास्त्राच्या थाटातलं सूत्र रंगवलं गेलं.

सामना योगायोगाने जिंकला असता तर बाकीचा हंगाम तसा गेला नसता. नेहमीच्या नऊ सामन्यांत सेंटरचे गुण २८२, विरोधकांचे सगळे मिळून ६. ट्रान्सिल्व्हेनिया कॉलेजवर तर ९८-०. हे प्रतिस्पर्धी सगळेच तगडे होते असं मात्र समजू नये.

पाय घसरला तो शेवटी, लांबवलेल्या वेळापत्रकात. २६ डिसेंबरला सॅन डिएगोत ॲरिझोनावर ३८-० विजय, आणि आठवड्याने २ जानेवारी १९२२ ला थेट डॅलसमध्ये टेक्सास ए अँड एमशी सामना. मधला प्रवास आगगाडीचा. त्याच दिवशी मॅकमिलिनचं लग्नही लागलं होतं! सेंटर १४-२२ ने हरला. जखमी होण्याची भीती दोन्हीकडे सारखीच होती. ए अँड एमचे राखीव खेळाडू संपत आले, तेव्हा प्रशिक्षक डॅना बायबल यांनी प्रेक्षकांतून ई. किंग गिल या विद्यार्थ्याला बोलावून जखमी खेळाडूचे कपडे चढवायला लावले. तो मैदानात उतरला नाही, नुसता तयार उभा राहिला. त्या विद्यापीठाची ‘बारावा गडी’ ही परंपरा तिथली.

१९४१ मध्ये खेळाडू बदलण्याची मुभा मिळाली, १९५३ मध्ये ती आवळली गेली आणि १९६५ पासून पूर्ण मोकळी झाली. तेव्हापासून संख्या हेच बळ ठरलं. लेखात ‘आजही असा चमत्कार घडू शकेल’ असं वाक्य आहे. ते लिहिताना हा बदल लक्षात घेतलेला दिसत नाही. एवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

कळावे,
आपला एक वाचक