पत्ता कमी छापा, खडक जास्त छापा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गाविलगडच्या रांगेतल्या एका कपारीवर पानभर मजकूर आला होता. मथळा होता ‘वऱ्हाडातले ज्वालामुखीचे भुयार’. सोबत रंगीत फोटो आणि खाली चौकटीत ‘कसे जाल?’. फाट्यापासून अंतर किती, गाडी कुठे लावायची, नाला कुठून ओलांडायचा, सगळे त्यात होते. मी त्याच भागातला. त्या डोंगरात चाळीस वर्षे हिंडलो, त्यातली बरीचशी शाळेच्या पोरांना घेऊन. पत्र लांबले तर कात्री लावा, पण खडकाचा भाग तेवढा राहू द्या.

आधी मथळ्याचे. एवढ्याशा मथळ्यात दोन चुका आहेत. ती कपार ज्वालामुखीने केलेली नाही, आणि ते भुयार तर नाहीच.

आपल्या डोंगरांचा काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा, हे खरे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून तो वर आला, दूरवर पसरला आणि थिजला. मग पुन्हा आला. शंकूसारखा डोंगर, त्याला तोंड, तोंडातून धूर, असला चित्रातला ज्वालामुखी इथे शोधू नये. सह्याद्रीकडे या थरांची जाडी दोन हजार मीटरपर्यंत भरते. पूर्वेकडे येता येता ती कमी होते आणि नागपूरच्या आसपास पाषाण संपत येतो. सीताबर्डीची टेकडी त्या काठावरचीच. पुढे भंडारा-गोंदियाकडे गेलात की खडक वेगळा, आणि कितीतरी जुना.

आता कपारीची गोष्ट. एक लाव्हा थिजल्यावर दुसरा यायला मध्ये बराच काळ जाई. तेवढ्यात खालच्याचा माथा ऊनपावसाने कुजून त्याची लाल माती होई. कुठे तळी साचत, त्यांत गोगलगाई, काठाला झाडझाडोरा. नागपूरजवळच्या टाकळीला अशाच मधल्या थरांतले जीवाश्म एकोणिसाव्या शतकात स्टीफन हिस्लॉप यांनी गोळा केले. नागपुरातल्या हिस्लॉप कॉलेजाला नाव त्यांचेच. मग वरून नवा लाव्हा आला आणि ती माती त्याच्याखाली गाडली गेली. घाटरस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे नीट पाहिले तर काळ्या दगडात मध्येच गेरूसारखा पट्टा दिसतो. तो हाच. एसटीतली अर्धी माणसे त्याच्यासमोरून डुलक्या घेत जातात.

कपार होते ती या पट्ट्यामुळे. वरच्या घट्ट पाषाणाला उभ्या भेगा असतात. पावसाचे पाणी त्यांतून खाली उतरते आणि लाल मातीच्या थराशी येऊन अडते, कारण ती चिकणमातीसारखी, पाणी खाली सोडत नाही. मग ते आडवे वाहून कड्यातून पाझरते. ओली झाली की ही माती फुगते, वाळली की भुगा होऊन गळते. हजारो वर्षे असे झाले की खालचा थर आत आत खाल्ला जातो आणि वरचा पाषाण छपरासारखा लोंबता राहतो. म्हणून आपल्याकडची कपार तोंडाला ऐसपैस, छताला सपाट आणि खोलीला कमी. आणि म्हणूनच तिच्या मागच्या भिंतीला वैशाखातही ओल असते. पाणी तिथे देव, हे आपल्या लोकांना खडकाचे शास्त्र न शिकता कळले होते. चिखलदऱ्याला देवी पॉइंटवर कातळाखाली देवीचे ठाणे आहे. तिथे डोक्यावर ठिबकणाऱ्या थेंबांकडे बघा, मी काय म्हणतो ते दिसेल.

भुयाराचे म्हणाल तर विदर्भात असे एकही विवर नाही ज्यातून कुठल्या ना कुठल्या किल्ल्यावर वाट जात नाही. आमच्याकडचे सगळे रस्ते गाविलगडला निघतात, अकोल्याकडचे नरनाळ्याला. सालबर्डीच्या गुहेतून थेट पचमढीच्या महादेवाला जाता येते, असे माझी आजी सांगायची आणि मी ते दहाव्या वर्षापर्यंत मानत होतो. आजीला मी खोटे पाडणार नाही. वर्तमानपत्राची गोष्ट वेगळी. डोंगराच्या पोटात मैलोन्‌मैल गुहा होते ती बहुधा चुनखडीत, कारण चुनखडी पाण्यात विरघळते. पाषाण तसा विरघळत नाही. आपल्याकडे चुनखडी आहे ती वणी-राजुरा-कोरपन्याच्या पट्ट्यात. सिमेंटचे कारखाने तिकडे आहेत ते काही उगाच नाही.

लाव्ह्यातही लांब भुयारे होतात, नाही असे नाही. वाहत्या लाव्ह्याची वरची साय आधी थिजते, आतला पातळ लाव्हा पुढे वाहून जातो आणि मागे पोकळ नळी उरते. हवाई बेटांवरची काझुमुरा नावाची अशी नळी ६० किलोमीटरहून लांब आहे. कोरियाच्या जेजू बेटावरच्या नळ्यांना २००७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पण ती बेटे त्या मानाने कालपरवाची. आपला पाषाण कोट्यवधी वर्षे झिजलेला, आणि पुरवणीतली कपार मी आतून हाताने चाचपलेली आहे. ती नळी नव्हे. तिच्या मागच्या भिंतीला लाल माती आहे, नखाने निघते. आपल्या प्रतिनिधीने फोटो काढला त्यातही ती दिसते, फक्त तिच्यासमोर चार जण उभे आहेत.

लोणारचेही असेच. उल्केच्या आघाताने झालेले ते विवर आहे हे कधीच सिद्ध झाले, तरी ‘ज्वालामुखीचे तोंड’ म्हणणारे अजून भेटतात. जाऊ द्या.

खरे दुखणे त्या चौकटीचे आहे. मजकूर आल्यानंतरच्या दोन रविवारी मी कपारीच्या खालच्या नाल्यापर्यंत गेलो. पहिल्या रविवारी एकवीस मोटारसायकली मोजल्या. दुसऱ्या रविवारी मोजल्याच नाहीत. आत चूल पेटवलेली, छताला काजळी धरलेली, भिंतीवर ऑइलपेंटने नावे. हे कुठेही होते म्हणाल. पण मागच्या कोपऱ्यात पाषाणाच्या बुडबुड्यांत भरलेले पांढरे स्फटिक होते, सुयांच्या जुडग्यासारखे. लाव्हा थिजताना त्यातला वायू अडकून जी भोके राहतात, त्यांत पुढे पाझरत्या पाण्याने खनिजे सोडली, ते हे. ते छिन्नीने काढून नेले आहेत. ती छिन्नी नेणारा काही फिरायला आला नव्हता, मजकूर वाचून आला होता.

दुसरे म्हणजे त्या कड्याला आग्या मोहोळ आहे. एक नाही, पाच-सहा पोळी आहेत. कपारीत धूर केला की तो वर कुठे जाईल हे सांगायला नको. माझ्या ओळखीच्या गुराख्याने त्या पोरांना सांगून पाहिले. त्यांनी त्याचाच व्हिडिओ काढला.

आणि अस्वल. थंडीच्या दिवसांत अस्वलीण अशाच दगडांच्या बेचक्यात व्यालेली असते आणि दोन-तीन महिने पिलांपासून हलत नाही. माणसाने मेलेल्याचे सोंग घेतले की अस्वल हुंगून निघून जाते, ही पुस्तकातली गोष्ट आमच्याकडच्या कुणाला सांगू नका; ज्यांची तोंडे फाटली ती माणसे आमच्या गावात बसस्टँडवर भेटतात. एकदा पौष महिन्यात मी पोरांना घेऊन निघालो होतो, तर याच गुराख्याच्या बापाने नाल्यातच अडवले. “गुरजी, तिकळे नोका जाऊ, अस्वल व्याली हाये.” त्याने काही पाहिले नव्हते. बकऱ्या त्या वाटेने चढत नव्हत्या, एवढ्यावरून तो बोलला. आम्ही नाल्यातच भाकरी खाल्ल्या आणि परत आलो. आपल्या ‘कसे जाल?’मध्ये कधी जायचे त्याबद्दल लिहिले आहे ‘हिवाळा उत्तम’.

मग लोकांनी डोंगरात जायचेच नाही का, असे कुणी विचारील. जावे. मी शिक्षक होतो, माझे तर म्हणणे पोरांना वर्गातून आधी बाहेर काढा. जायच्या जागा पुष्कळ आहेत. चिखलदरा आहे, सालबर्डी आहे, आणि सालबर्डीला तर लाव्ह्याच्या खालचे जुने थर वर आले आहेत, डायनासोरचे अवशेष त्यांत सापडले आहेत. शिवरात्रीला लाखभर पाय त्यांच्यावरून जातात. यवतमाळ जिल्ह्यात शिबला-पार्डीला २०२१ मध्ये रस्त्याच्या कामात पाषाणाचे षट्कोनी खांब उघडे पडले. लाव्हा थिजताना आकसला की असे खांब होतात. ते बघायला मी पासष्टाव्या वर्षी एसटीने गेलो. अशा जागांचे पत्ते खुशाल छापा, आणि पत्त्याच्या शेजारी तो दगड तसा का आहे हेही छापा. राखीव जंगलातल्या, परवानगीशिवाय जिथे पाऊल टाकता येत नाही, अशा कपारींची चौकट मात्र गाळा. ज्याला जायचेच आहे तो पायथ्याच्या गावात विचारील. विचारले म्हणजे कुणीतरी सोबत येईल, आणि सोबत आलेला चूल पेटवू देणार नाही.

शेवटी एक कबुली. १९९४ साली सातवीच्या वर्गाला घेऊन मी त्याच कपारीत गेलो होतो. मागच्या कोपऱ्यातला तळहाताएवढा स्फटिकाचा गड्डा मीच दगडाने ठोकून काढला आणि ‘ज्वालामुखीचा दगड’ अशी चिठ्ठी डकवून शाळेच्या कपाटात ठेवला. परवा शाळेत जाऊन म्हटले, चिठ्ठी तरी बदलू द्या. कपाट जागेवर आहे, काचेतून दगडही दिसतो. किल्ली कुणाकडे आहे ते कुणालाच ठाऊक नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. अचलपूर, जि. अमरावती