‘प्लास्टिकचे चुंबक’ म्हणजे नेमके काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या विज्ञान पानावर सेंद्रिय चुंबकांची बातमी वाचून आनंद झाला, परंतु तिच्यासोबत फ्रिजच्या दाराला चिकटवतात त्या लवचीक चुंबकाचे छायाचित्र पाहून हे पत्र लिहावेसे वाटले. त्या पट्टीतले रबर किंवा प्लास्टिक चुंबक नसतेच. पट्टी मोडून कडेवर नख घासले की जी काळपट भुकटी निघते, ती फेराइटची, म्हणजे लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडची, आणि चुंबकत्व तिचे. रबर तिला फक्त धरून ठेवते. (‘सेंद्रिय’ म्हणजे येथे कार्बनी रेणूंचे, सेंद्रिय गुळातले नव्हे, एवढेही बातमीत सांगायला हवे होते.)

खऱ्या सेंद्रिय चुंबकात रेणूचा स्वतःचा इलेक्ट्रॉन कामाला लागतो. अमेरिकेतील जोएल मिलर आणि आर्थर एपस्टाइन यांच्या गटांनी १९९१ मध्ये व्हॅनेडियम हा धातू आणि टेट्रासायनोइथिलीन हा कार्बनी रेणू यांचे असे चुंबक जाहीर केले. त्यात व्हॅनेडियमच्या प्रत्येक आयनावर तीन एकटे (जोडीदार नसलेले) इलेक्ट्रॉन असतात, तर त्याच्या वाट्याला येणाऱ्या साधारण दोन सेंद्रिय रेणूंवर प्रत्येकी एक. रेणूंवरचे स्पिन (इलेक्ट्रॉनचा अंगभूत चुंबकीय गुण) धातूच्या स्पिनच्या उलट दिशेने लागतात. तिनातून दोन वजा होऊन एका इलेक्ट्रॉनाएवढे चुंबकत्व शिल्लक राहते. ही व्यवस्था खोलीच्या नेहमीच्या तापमानालाही टिकते, आणि नवल आहे ते याचे. धातूचा वाटा त्यात आहेच, म्हणून ‘धातूविना चुंबक’ हे आपले उपशीर्षक चुकीचे ठरते.

बातमीतील ‘स्पिन वाहून नेणारे प्लास्टिक’ ही गोष्ट वेगळीच आहे. २००४ मध्ये यूटा विद्यापीठात सेंद्रिय एलईडी (ओएलईडी) पडद्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या एका सेंद्रिय पदार्थाचा थर दोन चुंबकीय थरांमध्ये ठेवून त्यातून स्पिनची दिशा पार नेण्यात आली, पण तीही ११ केल्विनला, म्हणजे सुमारे उणे २६२ अंश सेल्सिअसला. तो थर स्वतः चुंबक नव्हता. कार्बन हलका असल्यामुळे त्यात इलेक्ट्रॉनची कक्षीय गती त्याच्या स्पिनला फारशी ढवळत नाही, हा या पदार्थांचा गुण. मात्र हायड्रोजनच्या अणुकेंद्रांची लहानशी चुंबकीय क्षेत्रे स्पिनची दिशा विस्कटतात, हे त्याच बातमीत यायला हवे होते. ‘इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा फिरतो’ हे वाक्य मीही वर्गात अनेक वर्षे बोललो आहे. ते सोयीचे असले तरी भोवऱ्याला कोणताही वेग देता येतो आणि स्पिन मोजले की उत्तरे दोनच मिळतात.

आता हे चुंबक ‘लवकरच मोबाइलमध्ये’ येतील, या बातमीतील विधानाविषयी. व्हॅनेडियमच्या या पदार्थाचा पातळ थर सुमारे ५० अंश सेल्सिअसला बसवता येतो आणि सूक्ष्मतरंगांच्या उपकरणांत उपयोगी पडेल इतक्या सहजपणे त्यातील स्पिन डोलत राहतात. याच कामासाठी नावाजलेल्या इट्रियम-लोह गार्नेट या चुंबकीय स्फटिकाला मात्र शेकडो अंशांची भट्टी लागते. पण हा थर हवा लागताच खराब होऊ लागतो. त्यामुळे तो ऑक्सिजनरहित पेटीत रबरी हातमोज्यांतूनच हाताळावा लागतो आणि इपॉक्सीखाली बंद केल्यावरच काही आठवडे टिकतो.

पुढील अंकात छायाचित्र व उपशीर्षक या दोहोंची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक, सांगली