गुरुवारचा उपवास

नौपाडा, ठाणे

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज सांगून गेलीस, की तिथे व्हिएतनाममध्ये, हनोईत, खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण आजींनी त्यांच्या यजमानांच्या वर्षश्राद्धाच्या जेवणाला तुला आग्रहाने बोलावले होते आणि तू पोट बिघडल्याचे निमित्त सांगून वर आपल्या खोलीत मॅगी करून खाल्लीस. तुझ्या आवाजात सुटल्याचा आनंद होता. मी त्या वेळी काही बोलले नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते फोनवर मावणारे नाही. आणि या बाबतीत तुझ्यावर रागावण्याचा अधिकार मला सर्वांत कमी आहे, हे पुढे वाचशील तेव्हा तुला कळेलच.

तू सहावी-सातवीत असताना बाबा झोपले, की आपण दोघी टीव्हीचा आवाज बारीक करून अँथनी बोर्डेनचे कार्यक्रम पाहत असू. आधी केबलवर 'नो रिझर्व्हेशन्स'चे जुने भाग पाहिले आणि मग तुझ्या मावसभावाने आणून दिलेले 'पार्ट्स अननोन'चे. केप कॉडच्या एका उपाहारगृहात भांडी घासण्यापासून सुरुवात करून न्यूयॉर्कमध्ये मुख्य आचारी झालेला आणि 2000 साली स्वयंपाकघरांच्या आतल्या जगाविषयी पुस्तक लिहून नावारूपाला आलेला हा उंच, पांढऱ्या केसांचा, हातभर गोंदवून घेतलेला गृहस्थ मला आरंभी मुळीच आवडला नव्हता. तू काय पाहतेस याच्यावर लक्ष ठेवावे, एवढ्यासाठीच मी शेजारी बसत असे. शाकाहारी प्रवाशांबद्दल तो फार बोचरे बोले. परक्या मुलखात जाऊन यजमानाने पुढे केलेले अन्न नाकारणे हा त्याच्या लेखी उद्धटपणा होता. ज्या घरात कधी अंडेही शिजले नाही, त्या घरात वाढलेल्या बाईला हे ऐकवणार कसे? पुढे 2014 सालच्या पंजाबच्या भागात त्याने कबूल केले, की इथे मांसावाचून जेवण्याचे त्यालाही ओझे वाटत नाही. तेव्हा तू टाळी वाजवली होतीस, आणि माझाही राग निम्मा उतरला होता.

मला त्याच्याकडे खिळवून ठेवले ते मात्र दुसऱ्याच गोष्टीने. खाण्याचे कार्यक्रम आपण इतरही पाहत होतो. त्यांतले सूत्रसंचालक घास तोंडात जाण्यापूर्वीच 'वा' म्हणायला सिद्ध असत. बोर्डेन ताटाकडे पाहण्याआधी वाढणाऱ्या माणसाकडे पाही. दूरचित्रवाणीवरच्या कामासाठी मिळालेला 'पीबॉडी' हा अमेरिकी पुरस्कार स्वीकारताना त्याने सांगितले होते, की आम्ही लोकांना अगदी साधे प्रश्न विचारतो, तुम्ही काय खाता, काय रांधायला तुम्हांला आवडते, कशात तुम्हांला आनंद वाटतो, आणि या साध्या प्रश्नांना मिळणारी उत्तरे थक्क करणारी असतात. 2006 साली तो बैरूतला खाण्यापिण्याचे चित्रण करायला गेला आणि तेवढ्यात युद्ध पेटले. विमानतळावर बॉम्ब पडले, हॉटेलात अडकून राहावे लागले आणि शेवटी अमेरिकी नौदलाच्या जहाजातून बाहेर पडावे लागले. त्या भागात खाणे थोडे आहे आणि वाट पाहणे फार, तरीही मी त्याचा तोच भाग सर्वांत चांगला मानते.

नामिबियाचा भाग तुला आठवत असेल. सान या आदिवासी लोकांच्या वस्तीत त्यांच्या प्रमुखाने रानडुकराच्या आतड्याचा शेवटच्या टोकाचा तुकडा, नीट न धुतलेला, राखेत भाजून पाहुण्याचा वाटा म्हणून त्याच्यापुढे धरला. सारी वस्ती पाहत होती. बोर्डेनने तो तुकडा खाल्ला. नंतर त्याला औषधे घ्यावी लागली, हेही त्याने लपवले नाही. तो प्रसंग सुरू असताना मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि तुला वाटले, की मला किळस आली. किळस आली होतीच. पण ओट्यापाशी उभी राहून मी 1995 सालच्या नारळी पौर्णिमेचा विचार करत होते. ती गोष्ट मी तुला आजवर सांगितलेली नाही.

तेव्हा मला शाळेत लागून तीन वर्षे झाली होती. आमच्या चित्रकलेच्या बाई चेंदणी कोळीवाड्यातल्या. शिक्षक-खोलीत त्यांची खुर्ची माझ्या शेजारी होती आणि मधल्या सुट्टीत आम्ही रोज एकत्र डबा खात असू. नारळी पौर्णिमेला त्यांनी मला घरी बोलावले. खाडीला सोन्याचा नारळ अर्पण करायला निघालेली मिरवणूक त्यांनी मला ओटीवरून दाखवली, आणि मग आत नेले. चुलीपासून दूर, वेगळ्या पाटावर त्यांनी माझे पान मांडले होते: तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, काकडीची कोशिंबीर आणि नारळीभात. त्यांच्या सासूबाईंनी आवर्जून सांगितले, की बाईंसाठी पातेले नवे आणले आहे आणि सकाळी अंघोळ करून, घरात मासळी येण्याआधी सगळे रांधून ठेवले आहे. मला मात्र घरात भरून राहिलेला सुकटीचा वास सोडून दुसरे काही सुचत नव्हते. माझ्या तोंडून निघून गेले, "मी गुरुवार करते हो. आज माझा उपवास आहे."

वार गुरुवारच होता. पण दर गुरुवारी मधल्या सुट्टीत माझ्या डब्यातली पोळीभाजी त्यांनी पाहिलेली होती, क्वचित माझ्या डब्यातला घासही घेतलेला होता. आणि हे माझ्या लक्षात वाक्य पुरे होताहोताच आले. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी त्या पानावर दुसरे ताट झाकले, माझ्या हातात एक केळे आणि नारळ दिला आणि स्टेशनापर्यंत पोहोचवायला मुलाला सोबत पाठवले. सासूबाई मात्र त्या झाकलेल्या ताटाकडे पाहत राहिल्या होत्या. पुढे तेरा वर्षे आम्ही शेजारी बसून डबे खाल्ले. त्यांनी त्या दिवसाचा विषय कधी काढला नाही आणि मला पुन्हा घरीही बोलावले नाही. त्यांनी माझ्यासाठी सगळे सोवळ्याओवळ्याचे नियम माझ्यापेक्षा कसोशीने पाळले होते, आणि मी त्यांना खोट्याने उत्तर दिले होते. नुसते 'मला वासाची सवय नाही, दोन घासच वाढा' असे म्हटले असते, तरी त्यांनी ते मनाला लावून घेतले नसते, याची मला खात्री आहे.

8 जून 2018 तुला वेगळा सांगायला नको. दुपारी एक वाजता तुझा दहावीचा निकाल लागला, बाबा गोखले रोडवरून पेढे घेऊन आले, आणि संध्याकाळी तू फोनवर बातमी वाचून पेढ्यांच्या खोक्यापाशी मटकन बसलीस. फ्रान्समध्ये कायझर्सबर्ग या गावी चित्रीकरणाला गेलेला असताना बोर्डेनने आपले जीवन संपवले होते. वय 61. तू मला विचारलेस, की जगभर ज्याला लोक घरात बोलावून जेवू घालत होते, त्याला असे का वाटावे. पुढचे कितीतरी दिवस वर्तमानपत्रांत तर्क येत राहिले. मी ते वाचले नाहीत. दुसऱ्याच्या मनातले बाहेरून ठरवण्याचा अधिकार कोणाला नसतो. माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते आणि आजही नाही. त्या रात्री आपण दोघींनी त्याचा एक भाग लावला आणि तू माझ्या मांडीवर झोपी गेलीस, एवढेच मला आठवते. तुझ्या घड्याळात माझ्यापेक्षा दीड तास पुढची वेळ असते हे मला ठाऊक आहे. जीव नकोसा वाटेल असा एखादा दिवस आला, तर वेळ न पाहता फोन कर. माझा फोन उशाशी असतो.

पुढच्या वर्षी, 2019 च्या नारळी पौर्णिमेला, मी 'मैत्रिणीकडे जाऊन येते' असे सांगून एकटीच गेले होते, ते तुला आठवेल. त्या दिवशी स्वातंत्र्यदिन होता आणि वारही पुन्हा गुरुवारच होता. न बोलावता गेले. चित्रकलेच्या बाई निवृत्त होऊन अकरा वर्षे झाली होती, सासूबाई राहिल्या नव्हत्या. मी दारातच सांगितले, की मी जेवायला आले आहे. त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिले आणि सुनेला दोन पाने घ्यायला सांगितले. त्या दिवशी माझ्यासाठी वेगळे काही केलेले नव्हते; भाकरी, नारळीभात आणि डाळ मी खाल्ली, त्यांनी शेजारी बसून कोळंबीचे कालवण खाल्ले. वास तोच होता. मी क्षमा मागितली तेव्हा त्या म्हणाल्या, "भात घ्या आणखी."

बोर्डेनला व्हिएतनाम किती प्रिय होते हे तू मला हनोईला जाण्याआधी कितीदा ऐकवलेस. 2016 च्या मे महिन्यात बराक ओबामांबरोबर बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून त्याने जिथे 'बून चा', म्हणजे भाजलेले डुकराचे मांस आणि तांदळाच्या शेवया, खाल्ले, सहा डॉलरचे बिल स्वतः दिले, त्या खानावळीने आता ते टेबल काचेआड जपले आहे आणि तू पहिल्याच आठवड्यात त्याचे छायाचित्र मला पाठवलेस. काचेआडचे टेबल पाहायला तू शहरभर शोधत गेलीस, आणि जिन्याच्या खाली तुझ्यासाठी मांडलेले पान टाळलेस. मला झोंबले ते हेच.

मी तुला मांस खा असे सांगत नाही, आणि खाऊ नकोस असेही सांगत नाही. तो निर्णय तुझा आहे. पण खोटे सांगण्याची गरज तुला तिथे तर मुळीच नाही. तिथले पुष्कळ लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला मांस-मासळी वर्ज्य करतात आणि त्या जेवणाला 'चाय' म्हणतात. 'मी चाय खाते' हे तीन शब्द त्या आजींना आपल्या एकादशीइतके सहज कळतील. भाजीतही मासळीचे पाणी घालण्याची तिथे पद्धत आहे, तेव्हा तेही आधीच सांगून ठेव.

या रविवारी फळे घेऊन खाली जा. त्यांच्या देव्हाऱ्यात पितरांपुढे फळे ठेवतात, त्यामुळे ती घेऊन जाणे त्यांना आवडेल. पोट बिघडले नव्हते, संकोच वाटला होता, असे सांग. भाषा अडली तर त्यांच्या नातीला मधे घे. त्यांनी जेवायला बसवले तर बस, आणि पानात काय काय होते ते मला लिहून पाठव.

तुझी,
आई